झोपचोराचे डोळे

“सांग तिला,” दादा म्हणाला, “तिची ती भुतं माझ्या फळीवरून उचल म्हणावं. मी उचलली तर कुठे जाऊन पडतील त्याची हमी नाही.”

मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर बसले होते. मध्ये वहिनी, हातात चहाचे कप घेऊन उभी.

“वन्सं, हे म्हणतायत की...”

“ऐकलं मी. बहिरी नाहीये. त्याला सांग, फळी अण्णांनी ठोकलीय. आणि अण्णा काही त्याच्या एकट्याचे बाप नव्हते.”

“अहो, वन्सं म्हणतायत...”

“मीसुद्धा बहिरा नाही!” दादा ओरडला आणि चहा न घेताच रंगाच्या डब्यांकडे निघून गेला. वहिनीनं एक कप माझ्यापुढे ठेवला, दुसरा स्वतःच उभ्या उभ्या पिऊन टाकला. तिला त्या दिवसांत चहा फार व्हायचा.

असा आमचा अबोला होता. त्याला आता कितीतरी गणपती येऊन गेले, पण पेणेत आमच्या आळीत जुन्या माणसांना अजून आठवतो. मातीवाला आला की आधी दादाशी बोलायचा, मग माझ्याकडे येऊन तेच परत बोलायचा. एका छपराखाली राहणारी, एका भांड्यातलं जेवणारी सख्खी भावंडं, आणि निरोप मात्र वहिनीमार्फत. बिचारी दिवसभर टपालखातं चालवायची.

आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, बाजूला मातीचा हौद, आणि भिंतीभर फळ्यांवर ओळीनं बसलेले बिनरंगाचे देव. पण नाव मोठं होतं. ‘वडखळकरांचा डोळा’ असं लोक म्हणायचे. मूर्तीची माती झाली, पॉलिश झालं, रंग झाला, दागिन्यांवर सोनेरी चढलं, की सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. बारीक ब्रशनं भुवई, पापणी, मग बुबुळ. तोवर ती मूर्ती म्हणजे नुसती रंगवलेली माती. अण्णा आखणीला बसायचे तो पाट वेगळा होता, सागवानी, मधे झिजून खोलगट झालेला. आखणी करणाऱ्यानंच त्यावर बसायचं, दुसऱ्यानं नाही. आणि अण्णा पाटावर असताना शेडमध्ये कुणी तोंड उघडायचं नाही.

ही आखणी अण्णांनी दादाला शिकवली. मला नाही. “पोरीचा हात उद्या परक्याच्या घरी जायचा,” म्हणायचे. मी गेलेही परक्याच्या घरी. आणि नांदले तेवढं नांदून परतही आले; का, ते इथे सांगत बसत नाही. हात माझ्याबरोबरच परत आला. पण तोवर अण्णा थकले होते, आणि पाटावर दादा बसायला लागला होता.

अण्णा गेले त्या वर्षी ऑर्डरी तुंबल्या होत्या. मी म्हटलं, “दादा, छोट्या मूर्तींचे डोळे मी करते. तू मोठ्या कर.”

सगळ्या कामगारांदेखत तो म्हणाला, “डोळ्याला हात लावायचा नाही. अण्णांनी ते मला दिलंय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “दिलं खरं. पण तुला आलं नाही ना!”

दादा ब्रश खाली ठेवून बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून बोललाच नाही. आणि मी म्हणाले ते खोटं नव्हतं, हेच तर सगळं दुखणं होतं. दादाचा डोळा स्वच्छ होता, रेघ न् रेघ अण्णांची होती. पण अण्णांचा गणपती तुम्ही दारातून आत आलात की तुमच्याकडे बघायचा. दादाचा समोर बघायचा. गिऱ्हाइकांना नीट सांगता येत नसे, पण जुनी माणसं मूर्ती हातात घेऊन जरा थांबायची. ते थांबणं दादाला बरोबर कळायचं.

मग मी काय केलं? शेडच्या टोकाला, उत्तरेच्या खिडकीखाली, अण्णांनी मला पूर्वी खेळायला म्हणून एक कोपरा दिला होता, तो धरून बसले. दिवसभर साच्यात माती दाबायची, मूर्तींना पॉलिश पेपर घासायचा, आणि उरलेल्या वेळात कोपऱ्यात माणसं करायची. वीतभर उंचीची. भाजीवाली, तिच्याशी घासाघीस करणारा मास्तर, खुर्चीतच घोरणारा न्हावी. तार वाकवायची, त्यावर काथ्या गुंडाळायचा, वरून शाडू आणि कागदाचा लगदा एकत्र मळून चढवायचा, म्हणजे चिरा पडत नाहीत. अंगावर खऱ्या चिंध्यांचे कपडे. दादा त्यांना भुतं म्हणायचा.

अलिबागच्या एका प्रदर्शनात ही भुतं मांडली होती, तिथे पुण्याच्या बिवलकरबाई भेटल्या. मुलांची पुस्तकं काढायच्या. जाड भिंगांचा चष्मा, आखूड केस, आणि बोलणं असं की समोरच्यानं काही चूक केलीच असणार असं गृहीत धरून. मास्तराला त्यांनी उचलून उलटा करून तळ बघितला, परत ठेवला आणि म्हणाल्या, “माझ्याकडे एक गोष्ट आहे. चित्रकारांना देऊन थकले. सगळे गुळगुळीत काढतात. तुम्ही यातली माणसं मातीची करा, आपण त्यांचे फोटो छापू. जमेल?”

“जमेल,” म्हटलं.

“सगळेच जमेल म्हणतात,” त्या म्हणाल्या.

गोष्ट होती झोपचोराची. गावात एक माणूस रोज येतो आणि लोकांची झोप पोत्यात भरून नेतो. धोबीण कपडे बडवता बडवता रडायला लागते, पाटील आपल्याच कुत्र्यावर खेकसतो, साऱ्या गावाचे डोळे लाल. शेवटी एक मुलगी त्या चोराला गाठते. मला ती गोष्ट वाचल्या वाचल्या आवडली. पुस्तकावर नाव माझं येणार होतं, ‘चित्रं : कुंदा वडखळकर’ असं. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव कशावर छापून आलं नव्हतं. गणपतीच्या पाठीवर कोण सही करतो?

दादाला हे वहिनीकडून कळलं, तेव्हा त्यानं लगेच निरोप पाठवला. “सांग तिला, हंगामात कारखान्याची जागा पोरखेळाला मिळणार नाही. आखणी सुरू होईल त्या दिवसापर्यंत पुण्याची बाई पास म्हणाली तर कोपरा हिचा, मी परत तोंडातून शब्द काढणार नाही. नाही म्हणाली तर कोपरा रिकामा करायचा. तिथे मला रंगाचं कपाट ठेवायचंय. मग हिनं साचे भरायचे आणि गप राहायचं. कायमचं.”

“त्याला सांग, कबूल,” मी म्हटलं.

वहिनीनं निरोप पोचवलाच नाही, डोक्याला हात लावून बसली. पण दादानं ऐकलं होतंच.

आता कोपरा म्हणजे काय, चार फूट जागा. पण तो गेला असता तर माझं म्हणून त्या घरात काही उरलं नसतं. परत आलेली बहीण, भावाच्या कारखान्यात माती मळते. लोकांनी एवढंच म्हटलं असतं, आणि ते खरं झालं असतं.

मी कामाला लागले. धोबीण झाली, पाटील झाला. मुलगी तर अशी झाली की वहिनीनं तिला आपल्या जुन्या झंपराचा तुकडा आणून दिला, परकरासाठी. झोपचोराला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. पाठीचा कणा तारेचा, पुढे वाकवलेला. बोटं लांब, सांधे मोठे, पोत्याच्या तोंडाशी आवळलेली. पायात एकच वहाण. त्याचं अंग असं उभं राहिलं की तो पाऊल टाकतो आहे आणि आवाज होऊ देत नाही, हे पाठीकडूनसुद्धा कळावं. मी स्वतःवर खूश होते. शेवटी अण्णांच्या रीतीप्रमाणे डोळे केले. बुबुळाच्या जागी गुळगुळीत फुगवटा, त्यावर बारीक ब्रशनं आखणी.

बिवलकरबाई आल्या. फोटोवाला बरोबर होता. कोपऱ्यात त्यांनी एकेक पात्र हातात घेऊन बघितलं. दादा पलीकडे एका मूर्तीला पितांबर रंगवत होता, पण ब्रश हलत नव्हता.

झोपचोर हातात घेतला आणि बाई थांबल्या. मग हसायला लागल्या. चांगलं हसणं नव्हतं ते.

“कुंदाताई, हा काय करतोय?”

“झोप चोरून निघालाय.”

“छे! हा आशीर्वाद देतोय. बघा की त्याच्याकडे. बाळांनो, सुखी राहा, असं म्हणतोय. आणि ही धोबीण, हा पाटील, सगळे तेच. एकाचंही कुणाशी वाकडं नाही. अहो, गावात चोर शिरलाय, आणि गाव प्रसन्न बसलंय!”

पलीकडे दादाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू दाबल्याचा.

मी झोपचोर परत घेतला आणि पहिल्यांदा नीट बघितलं. बाईंचं खरं होतं. वाकलेली पाठ, अधाशी बोटं, आणि वर गणपतीचा डोळा. भुवईची तीच कमान, पापणी किंचित खाली, बुबुळ वरून थोडं झाकलेलं. सगळ्या जगाला पोटाशी धरणारी नजर. मी जन्मात दुसरा डोळा बघितलाच नव्हता, तर हात काढणार कुठून? आमच्या आळीतल्या कुणाच्याही हातून हेच झालं असतं. पण ते बाईंना काय सांगायचं!

“बाकीच्यांचं मी निभावून नेईन,” बाई म्हणाल्या. “त्यांचे डोळे जरा लाल करा, झोप गेलेली आहे त्यांची. पण चोर पास नाही. हा चोर बघून माझ्या वाचकांची झोप उडाली पाहिजे. आखणीच्या वेळेला तुमच्याकडे फोटो काढायला येणारच आहे मी, तेव्हा बघीन. नाही झाला तर पुस्तक पुन्हा चित्रकाराकडे. मला लटकत राहायला वेळ नाही.”

त्या गेल्यावर दादानं वहिनीला हाक मारली. मुद्दाम मोठ्यानं.

“तिला सांग, डोक्यावर मुकुट ठेव आणि चार हात लाव. उंदीर माझ्याकडे आहेत शिल्लक. लगेच खपेल.”

कामगार हसले. मी हातातला पाण्याचा डबा भिंतीवर भिरकावला. वहिनीनं मुकाट्यानं पुसून काढलं.

पुढचे दिवस मी नुसती डोकी केली. बांबूच्या काड्यांवर खोचलेली, लिंबाएवढी डोकी. भुवया वाकड्या करून बघितल्या, गणपती रागावलेला दिसायला लागला. डोळे बारीक केले, गणपती पेंगायला लागला. लाल रंग दिला, गणपतीला डोळे आले. कोपऱ्यात काड्यांची रांग वाढत चालली आणि प्रत्येक टोकावरून देव माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त चीड यायची. बाहेर श्रावण सुरू झाला. रंगकाम उरकत आलं. दादानं अण्णांचा पाट धुऊन, पुसून जागेवर मांडला. त्याची जागा ठरलेली होती, माझ्या कोपऱ्यासमोर, म्हणजे उत्तरेच्या खिडकीचा उजेड डावीकडून यावा.

त्या पाटाकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं. मला द्वेषानं भरलेला डोळा हवाय ना? अख्ख्या पेणेत माझा सगळ्यात जास्त द्वेष करणारा माणूस समोरच तर वावरतोय. त्याला एकदा धड भडकवायचं, आणि तो बघेल तेव्हा बघून घ्यायचं. चेहरा वाचायची सवय होती मला. एक नजर पुरली असती.

दुपारी सगळे जेवून आले तेव्हा मी अण्णांच्या पाटावर मांडी घालून बसले होते. हातात ब्रशसुद्धा घेतला होता.

कामगार दारातच थबकले. वहिनीच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. दादा सगळ्यांच्या मागून आला, त्यानं बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला.

“तिला सांग,” तो म्हणाला. आवाज फाटत होता. “तिला सांग, ऊठ म्हणावं.”

“वन्सं, उठा ना हो.”

“त्याला सांग, माझ्याकडे बघून सांग म्हणावं.”

“तिला सांग, तो पाट तिचा नाही!”

“त्याला सांग, वहिनी, त्याचाही नाही. बसून बसून कुणाचा होत नसतो. बघ म्हणावं माझ्याकडे! भावाच्या जिवावर जगणारी, आयतं खाणारी म्हणतोस ना माघारी? तोंडावर म्हण की!”

तो दोन पावलं पुढे आला. मुठी वळलेल्या, मानेच्या शिरा फुगलेल्या. मी डोळे त्याच्या डोळ्यांवर रोखले. आता मिळणार, आता मिळणार, एवढंच मनात होतं. आणि अगदी जवळ आल्यावर त्यानं मान वळवली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, “हिला उठव. नाहीतर मी घर सोडून जाईन.” मग खरंच बाहेर निघून गेला.

मी उठले. माझा नुसता जळफळाट झाला होता. एवढं करून त्यानं मला राग म्हणून एक नजरसुद्धा दिली नव्हती! पाट मिळाला नाही, आखणी मिळाली नाही, शिव्या मिळाल्या नाहीत. याच्याकडून मला कधी काही मिळालंच नाही, असं मला वाटलं. मी कोपऱ्यात गेले, झोपचोर ओढून घेतला, त्याच्या डोक्यावर ओला फडका दाबून धरला. माती मऊ पडली तशी मी कोरणी उचलली आणि तिचं टोक त्या गुळगुळीत फुगवट्यात घुसवलं.

आखलं नाही, खणलं. डोळा बाहेर काढायचा तो आत नेला. पापणीची कड वर ओढली, खालची ताणली, आणि मधे बुबुळाच्या जागी खोल भोक. मी दात आवळून धरले होते आणि हात आपला चालला होता. दुसरा डोळाही तसाच केला. मग रंगाचा एक थेंबही न लावता त्याला खिडकीशी धरलं. भोकात सावली साचली होती. मी त्याला इकडे वळवलं, तिकडे वळवलं. सावली हलत होती, आणि तिच्याबरोबर नजर.

तो बघत होता. मला जे हवं ते तुझ्याकडे आहे, असं म्हणत बघत होता. न मिटणारे, न हलणारे, उपाशी डोळे. अंगावर काटाच आला माझ्या, आणि त्याच क्षणाला मी हसले. कारण मला वाटलं, मी दादाला पकडला. मान वळवायच्या आधी निमिषभर तरी त्यानं बघितलं असणार, आणि ते माझ्या हाताला कळलं असणार.

“वहिनी,” मी हाक मारली, “हे बघ तुझा नवरा.”

वहिनी आली. तिनं बघितलं, आणि पदर तोंडाशी नेला. झोपचोराकडे, मग माझ्याकडे, परत झोपचोराकडे बघितलं.

“आहे की नाही हुबेहूब?”

“हुबेहूब आहे,” वहिनी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि घाईनं चुलीवर दूध ठेवलंय सांगून गेली. दूध तर सकाळीच तापवून झालं होतं.

आखणीच्या पहिल्या दिवशी बिवलकरबाई आल्या. दादा पाटावर बसला होता, पुढे पहिली मूर्ती, उदबत्ती लावलेली. बाईंना नियम ठाऊक नव्हता. त्या थेट मोठ्या आवाजात, “काय, झाला का चोर?” म्हणत कोपऱ्यात आल्या. मी झोपचोरावरचं फडकं काढलं.

बाईंनी झोपचोराकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हा कुठे भेटला तुम्हाला?” त्यांनी हळू विचारलं.

“घरातच,” मी म्हटलं. दादाला ऐकू जाईल असं म्हटलं.

“पास,” बाई म्हणाल्या. “हा पास. बाई गं, याचा फोटो मी पहिल्या पानावर नाही टाकणार, पोरं पुढचं पान उलटणार नाहीत.” मग त्यांनी फोटोवाल्याला हाका मारायला सुरुवात केली, पडदे लावा, चादर धरा, उजेड फिरवा. दिवसभर माझा कोपरा म्हणजे लग्नघर झालं होतं. धोबीण, पाटील, मुलगी, चोर, एकेकाला उभं करून फोटो झाले. दादा समोर पाटावर तसाच बसून होता. पहिल्या मूर्तीची भुवई झाली होती, पुढे ब्रश गेला नव्हता.

बाई गेल्या. कामगार हात धुवायला गेले. मी झोपचोर फळीवर ठेवला. त्याच फळीवर, देवांच्या रांगेत, आणि तोंड बरोबर पाटाकडे केलं. मी जिंकले होते आणि मला ते त्याला दाखवायचं होतं.

“वहिनी, त्याला सांग, कोपरा माझा झाला. रंगाचं कपाट दुसरीकडे ठेव म्हणावं. आणि विचार त्याला, आरशाची गरज आहे का, की ओळखलं स्वतःला?”

दादा पाटावरून उठला. फळीपाशी आला. झोपचोराला हातात घेतला, तेव्हा मला वाटलं, आता हा आपटतो. मी पुढे धावले. पण तो नुसता बघत होता, आणि अगदी जवळून.

“हा मी नाही, कुंदे,” तो म्हणाला.

वर्षभरानं त्यानं माझं नाव घेतलं. वहिनीकडे न बघता, सरळ मला म्हणाला.

“अण्णा मला पाटाशेजारी घेऊन बसायचे. शिकवायचे. तू त्या खांबाशी येऊन उभी राहायचीस. बोलायची नाहीस, खेळायला जायची नाहीस. नुसती बघायचीस. माझ्या हाताकडे.” त्यानं झोपचोराचं तोंड माझ्याकडे फिरवलं. “अशी.”

“काहीतरीच काय...”

“अण्णा म्हणायचे, बघू दे रे, पोर आहे. त्यांना काय होतं? त्यांच्या हाताकडे नव्हतीस बघत. माझी रेघ चुकावी म्हणून बघत होतीस. आणि चुकायची. दरवेळी चुकायची. तुला म्हणायचंय ना, मला आलं नाही? नाही आलं. ब्रश टेकवला की हे दोन डोळे माझ्या मानेवर. तू नांदायला गेलीस तरी होते. आखणीचे दिवस आले की मला झोप लागत नाही, विचार हिला. किती वर्षं लागत नाही ते विचार.”

मी वहिनीकडे वळले. ती खाली बघत होती.

“मला त्या दिवशीच कळलं होतं, वन्सं,” ती म्हणाली. “तुम्ही पाटावर बसला होतात, तेव्हाही असंच बघत होतात त्यांच्याकडे.”

दादानं झोपचोर परत फळीवर ठेवला. आपटला नाही, अण्णा मूर्ती ठेवायचे तसा दोन्ही हातांनी ठेवला. “कोपरा तुझा,” म्हणाला. “शब्द दिलाय. पण एवढं कर, याचं तोंड भिंतीकडे कर.”

“का करू?” मी म्हटलं. “मला उभं राहायचं होतं म्हणून मी उभी राहत नव्हते. मला बसायचं होतं. तुम्ही दोघांनी बसू दिलं नाहीत. मग बघू नको तर काय करू?”

तो पाटाकडे गेला. पाट उचलला आणि उलटा फिरवून मांडला, आमच्याकडे पाठ येईल असा. आणि तिथे बसून आखणीला लागला.

आता हे कामातलं कुणालाही कळेल. पाट फिरवला की उजेड उजवीकडून येतो, आणि उजव्या हाताची सावली नेमकी डोळ्यावर पडते. दादाला ते कळत नव्हतं असं नाही. तरी तो दोन दिवस तसाच बसला, स्वतःच्या सावलीत, मान वाकडी करकरून. मूर्तीमागून मूर्ती होत होत्या. मी कोपऱ्यातून बघत होते, बुबुळं एका बाजूला सरकत होती. घेऊन जाणाऱ्या माणसाला नसतं कळलं, अण्णांना कळलं असतं. मी मनात म्हणत होते, चुकू दे. आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा यायच्या आत मी पाट उचलला आणि पुन्हा पहिल्या जागी, उजेडाच्या बाजूनं मांडला. मग फळीपाशी गेले. झोपचोराला धरलं. सकाळच्या उजेडात त्याच्या डोळ्यांत सावली आणखी खोल दिसत होती. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं, आणि नंतरही झालं नाही. मी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दादा आला. पाट बघितला, फळी बघितली. पाटावर बसला. हात पुसले, ब्रश ओला केला, आणि मूर्तीच्या डोळ्यावर टेकवायच्या आधी जरासा थांबला. त्याची मान ताठ झालेली मला दिसली.

झोपचोराचं तोंड मी भिंतीकडे केलं होतं. माझं नव्हतं केलं.